विनोदवीराला भेटायचंय? हशा कुठे पडतो ते विचारा

दिवाळी अंक, कॉलेजची नियतकालिकं आणि गणेशोत्सवाच्या स्मरणिका यांची तयारी सुरू झाली की सीमाभागातून एकाच विषयावर बरीच पत्रं येतात. लहानपणापासून ज्याने हसवलं त्या कलावंताची मुलाखत घ्यायची आहे, ती कशी घ्यावी? त्यातली निवडक पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : ज्यांची नाटकं-सिनेमे बघत मोठा झालो, त्या विनोदी नटाच्या नाटकाचा प्रयोग पुढच्या महिन्यात बेळगावात आहे. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी त्यांची मुलाखत हवी आहे. त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं आणि वेळ कुठली मागायची?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : नटाचा स्वतःचा नंबर मिळवायच्या मागे लागू नका. कुणाकडून मिळालाच तर तो न विचारता दिलेला असतो, आणि पहिलाच फोन नाराजीने सुरू होतो. नाटकाच्या जाहिरातीत व्यवस्थापकाचं नाव असतं. दौऱ्यावर नटाचा दिवस या व्यवस्थापकाच्या हातात असतो. बेळगावचा प्रयोग बहुधा स्थानिक संयोजकाने ठरावीक रकमेला घेतलेला असतो, म्हणून तिकीटविक्री जिथे चालते तिथे आधी चौकशी करा. संयोजकाने शब्द टाकला की व्यवस्थापक ऐकतो.

निरोप लेखी पाठवा आणि मोबाईलच्या एका पडद्यावर मावेल एवढाच ठेवा. तुम्ही कोण, कुठे छापणार, किती मिनिटं हवीत, कशावर बोलायचं आणि फोटो काढणार का, एवढं त्यात यावं. उदाहरणार्थ: ‘आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी सरांची ४० मिनिटांची मुलाखत हवी आहे. विषय : विनोदी भूमिकेची तालीम आणि गावोगावचा प्रेक्षक. आम्ही दोघं येऊ. आवाज रेकॉर्ड करू, व्हिडिओ नाही. शेवटी दोन फोटो.’ ‘थोडा वेळ द्या’ असं कधीच लिहू नका. थोडा म्हणजे किती हे कळत नाही, म्हणून व्यवस्थापक सरळ नाही म्हणून मोकळा होतो.

आता वेळ. आदल्या रात्री कोल्हापूरला प्रयोग असेल तर नेपथ्य उतरवून गाडीत भरेपर्यंत मध्यरात्र उलटते. तिथून बेळगाव साधारण ११० किलोमीटर, म्हणजे दोन-अडीच तासांचा रस्ता. सकाळ झोपेत जाते. प्रयोग रात्रीचा असेल तर संध्याकाळी रंगभूषा सुरू होण्याच्या दीड तास आधी, हॉटेलवर चहाच्या वेळी, माणूस ताजा असतो. दुसऱ्या दिवशी कंपनीचा मुक्काम असेल तर नाश्त्यानंतरची वेळ सर्वांत चांगली. मध्यंतर मागू नका. त्या दहा-पंधरा मिनिटांत कपडे बदलायचे असतात आणि पहिल्या अंकात काय लागलं, काय पडलं याचा हिशेब डोक्यात चालू असतो. प्रयोगानंतर घसा बसलेला असतो आणि मेकअप रूमच्या दाराशी रांग लागलेली असते. तेव्हा फार तर फोटो मिळेल.

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या वार्षिक अंकात गेल्या दोन मुलाखती छापून आल्या, पण वाचताना कंटाळा आला. ‘या क्षेत्रात कसे आलात’, ‘एखादा किस्सा सांगा’, ‘तरुणांना काय संदेश द्याल’ एवढंच. मग विचारायचं काय?
— एक विद्यार्थिनी, टिळकवाडी

उत्तर : हे तीन प्रश्न त्या कलावंताला शेकडो वेळा विचारून झालेले असतात, त्यामुळे उत्तरंही घोटलेलीच येतात. विनोदी नटाला त्याच्या कामाबद्दल, अगदी बारीक आणि नेमकं विचारा. हशा आपोआप पडत नाही, तो पाडावा लागतो. तो कसा पाडतात हे त्याला रात्र रात्र बोलायला पुरेल एवढं ठाऊक असतं, आणि ते सहसा कुणी विचारत नाही.

त्यासाठी आधी हशाचं गणित तुम्हाला समजायला हवं. वाक्य लागलं की हशा चढतो, टोकाला जातो आणि ओसरू लागतो. ओसरायला लागला पण अजून थांबला नाही, त्या बेचक्यात पुढचं वाक्य टाकायचं. टोकावर असताना टाकलं तर वाक्य बुडतं, आणि दोन-तीनदा असं झालं की पुढचं ऐकू यावं म्हणून प्रेक्षक हसणंच आवरतो. नाट्यगृह पूर्ण शांत होईपर्यंत थांबलं तर प्रयोगाची गती बसते. हा अंदाज दर रात्री, दर गावी नव्याने घ्यावा लागतो. म्हणून ‘तुमचं टायमिंग इतकं अचूक कसं?’ असं विचारू नका. ‘दुसऱ्या अंकात दार उघडून आत आल्यावर पहिलं वाक्य बोलण्याआधी तुम्ही थांबता. ते थांबणं मुंबईत आणि निपाणीत सारखंच असतं का?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला ‘सगळी रसिकांची कृपा’ हे उत्तर येईल. दुसऱ्याला माणूस खुर्चीत पुढे सरकून बसेल.

दुसरी जागा वाक्यरचनेची. ‘अण्णा खिडकीतून पळाले’ या वाक्यात गंमत खिडकीत आहे, पण शेवट ‘पळाले’ने होतो. अनुभवी नट म्हणतो, ‘अण्णा पळाले… खिडकीतून.’ हशा पाडणारा शब्द शेवटी गेला, त्याच्या आधी श्वासाएवढी जागा मिळाली. संहितेतलं वाक्य असं कुठे कुठे फिरवलं, लेखकाला विचारून फिरवलं का, तालमीत फिरवलं की पंचविसाव्या प्रयोगाला सुचलं, हे विचारा. त्यातूनच अ‍ॅडिशनचा विषय निघतो. आयत्या वेळी घातलेलं कुठलं वाक्य पुढे संहितेतच कायम झालं, आणि कुठलं दिग्दर्शकाने काढायला लावलं?

तिसरी जागा समोरच्या नटाची. हशा एकाला मिळतो, पण त्याआधीचं साधं वाक्य नीट, स्पष्ट आणि न हसता टाकणारा दुसरा असतो. त्याच्याबद्दल विचारलं की मोठा कलावंत मनापासून बोलतो, कारण ते ऋण त्याला माहीत असतं. सिनेमा केलेला असेल तर आणखी एक : सेटवर हसायला प्रेक्षक नसतो, मग वाक्यानंतर किती जागा सोडायची हे कशावरून ठरवता?

गृहपाठ म्हणून त्यांच्या तीन-चार भूमिका पुन्हा बघा. कुठे हशा पडला ती वेळ मिनिट-सेकंदासकट वहीत टिपा. माहिती मात्र तपासून घ्या. अशोक सराफ यांचंच उदाहरण घ्या. त्यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार २०२३ या वर्षाचा, पण तो जाहीर झाला जानेवारी २०२४ मध्ये, आणि पद्मश्री २०२५ ची. प्रस्तावनेत ही वर्षं उलटसुलट झाली की पुढच्या मजकुरावरचा विश्वास उडतो. ते बँकेत नोकरीला होते हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा ‘तुम्ही बँकेत होता ना?’ हा प्रश्न वाया जातो. बँक सांभाळून नाटक करताना पाठांतर कधी आणि कसं व्हायचं, याचं उत्तर वाचायला मिळालं तर वाचकाला काहीतरी हाती लागेल.

४० मिनिटांसाठी बारा प्रश्न लिहा, त्यातले सात-आठ होतील. पहिला प्रश्न सोपा आणि माहितीचा असावा. न चाललेलं नाटक, तुटलेली जोडी असा अवघड प्रश्न पहिल्या अर्ध्या तासानंतर ठेवा. अगदी शेवटीही नको, कारण कटू विषयावर उठावं लागतं. आणि ‘तो डायलॉग एकदा म्हणून दाखवा’ हा आग्रह धरू नका. हॉटेलच्या खोलीत, समोर सहनट नसताना तो डायलॉग उघडा पडतो. तो सापडला कसा ते विचारा. सांगता सांगता बहुधा ते स्वतःच उठून करून दाखवतात.

प्रश्न : गेल्या वर्षी एका ज्येष्ठ कलाकाराचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं. घरी ऐकलं तर पंख्याची घरघर आणि आमचंच हसणं. कॉलर माईक घेतला होता तरी असं का झालं?
— दोन मित्र, निपाणी

उत्तर : बहुधा तुमचा कॉलर माईक चालूच नव्हता आणि मोबाईल स्वतःच्या माईकवर रेकॉर्ड करत होता. असं फार वेळा होतं. गोल पिनचा माईक असेल तर पिनवरच्या काळ्या रेघा मोजा. मोबाईलसाठी तीन रेघांची पिन लागते. दोन रेघांची पिन कॅमेऱ्यासाठीची, ती मोबाईलला थेट लावली तर मोबाईल बाहेरचा माईक ओळखतच नाही. यूएसबीचा किंवा वायरलेस माईक असला तरी काही ॲपमध्ये सेटिंगमधून बाहेरचा माईक निवडावा लागतो. खात्री करायला रेकॉर्डिंग सुरू करून माईकवर नखाने हलकेच खरवडा, मग मोबाईलच्या खालच्या कडेवर खरवडा, आणि हेडफोन लावून ऐका. जो आवाज मोठा, तो माईक चालू.

माईक हनुवटीपासून वीतभर खाली, छातीच्या मधोमध लावा. कडक खळ केलेला कुर्ता किंवा जरीची किनार घासली की खरखर येते, म्हणून माईकच्या मागच्या वायरचा छोटा वेढा करून तो क्लिपमध्ये अडकवा. आवाजाची पातळी नेहमीपेक्षा कमी ठेवा. विनोदी कलावंत बोलता बोलता एकदम वरच्या पट्टीत जातो, नक्कल करतो, टाळी वाजवतो. साधं बोलणं उणे १८ डेसिबलच्या आसपास राहिलं तर वर जायला जागा उरते. फाटलेला आवाज नंतर कशानेही दुरुस्त होत नाही, कमी पातळीचा मात्र वाढवता येतो.

पंखा बंद करा, खोलीतला छोटा फ्रिजही बंद करा. फ्रिजची गुणगुण बसल्यावर ऐकू येत नाही, रेकॉर्डिंगमध्ये मात्र येते. निघताना तो पुन्हा चालू करायला विसरू नका. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, कारण फोन आला की कित्येक मोबाईलमध्ये रेकॉर्डिंग तिथेच थांबतं. दुसरा मोबाईल टेबलावर रुमालाच्या घडीवर ठेवून त्यातही रेकॉर्डिंग सुरू ठेवा. कॉम्प्रेस न केलेला, एका चॅनेलचा (मोनो) आवाज वेव्ह फाईलमध्ये मिनिटाला साधारण ५ एमबी घेतो, म्हणजे तासाला ३००च्या थोडं वर. तेवढी जागा आधी मोकळी करून ठेवा.

आणि तुमचं हसणं. समोर विनोदवीर असताना हसू येणारच आणि यायलाच हवं, त्याशिवाय त्यालाही बोलायला रंग चढत नाही. पण चेहऱ्याने हसा, आवाजाने नाही. हशाच्या शेपटावर पुढचं वाक्य टाकायची त्याची सवय घरातही सुटत नाही, त्यामुळे तुमच्या खो-खोखाली नेमकं तेच वाक्य गाडलं जातं.

प्रश्न : समोर गेल्यावर तोंडातून शब्द फुटणार नाही अशी भीती वाटते.
— एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : पहिली दोन वाक्यं पाठ करून जा. कौतुक एकाच वाक्यात, पण नेमकं करा : कुठल्या भूमिकेतली कुठली जागा तुमच्या घरात अजून बोलली जाते, एवढंच. त्यानंतर लगेच पहिला प्रश्न. पहिली दहा मिनिटं स्तुतीत गेली की समोरच्याला ‘धन्यवाद’शिवाय बोलायला काही उरत नाही आणि मुलाखत चाहत्याची भेट होऊन बसते. दोघं जात असाल तर एकाने फक्त विचारायचं, दुसऱ्याने घड्याळ आणि रेकॉर्डिंगकडे बघायचं.

प्रश्न : माझे आवडते हास्यवक्ते कन्नडमध्ये बोलतात. मला कन्नड बाजारापुरतं येतं, लिहिता येत नाही. मराठी अंकासाठी त्यांची मुलाखत घ्यावी का?
— एक वाचक, अथणी

उत्तर : जरूर घ्या. सीमाभागातल्या अंकाने हे करायलाच हवं. गंगावती प्राणेश यांच्यासारख्या वक्त्यांचं उत्तर कर्नाटकी ढंगाचं कन्नड आपल्या भागात मराठी घरांतही आवडीने ऐकलं जातं. अट एवढीच की त्यांना त्यांच्याच भाषेत बोलू द्या. मराठीत किंवा हिंदीत उत्तर द्यायला लावलं की विनोदाची चाल मोडते आणि नुसती माहिती उरते. कन्नड चांगलं येणारा मित्र बरोबर न्या, पण दर वाक्याला भाषांतर नको. प्रश्न त्यानेच विचारावेत, तुम्ही ऐकावं, आणि दहा-दहा मिनिटांनी थांबून एकदा समजून घ्यावं.

जाण्यापूर्वी बीची यांच्याबद्दल वाचा. रायसम भीमसेनराव (१९१३–१९८०) या कन्नड विनोदी लेखकाचं हे टोपणनाव. त्यांचं ‘तिम्मा’ हे पात्र कन्नड श्रोत्यांच्या इतकं ओळखीचं आहे की हास्यवक्ता नुसतं नाव घेतो आणि सभागृह हसायला तयार होतं. हे माहीत नसेल तर तो हशा कशाचा ते कळणार नाही. छापताना नेमकी कन्नड ओळ देवनागरीत द्या, खाली मराठीत अर्थ द्या, आणि ती ओळ कन्नड वाचणाऱ्याकडून तपासून घ्या. दीर्घ-ऱ्हस्व चुकलं की अर्थच बदलतो.

प्रश्न : माझे हिरो लक्ष्मीकांत बेर्डे. ते गेले तेव्हा मी शाळेत होतो. आता मुलाखत कुणाची घेऊ?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : बेर्डे १६ डिसेंबर २००४ ला गेले. त्यांच्यावर मोठ्या कलाकारांनी भरपूर सांगून ठेवलं आहे. तुमच्या हाताशी आहे ते दुसरंच, आणि ते कुणी लिहून ठेवलेलं नाही : त्यांचे सिनेमे इथल्या पडद्यावर चालवणारी माणसं. एकपडदा टॉकीजचे जुने ऑपरेटर, डोअरकीपर, बुकिंगच्या खिडकीतले कारकून, जत्रेतल्या तंबूत सिनेमा दाखवणारे. ऑपरेटरने एकच सिनेमा दिवसाला तीन-चार खेळ असा आठवडेच्या आठवडे ऐकलेला असतो. कुठल्या रिळात प्रेक्षक ओरडायचे, कुठे शिट्ट्या यायच्या, कुठे बायका जास्त हसायच्या आणि कुठे पोरं, हे त्याच्याइतकं नटालाही माहीत नसतं.

त्यांच्या आठवणीतली वर्षं मात्र जशीच्या तशी छापू नका. तेव्हा सिनेमाच्या प्रिंट मोजक्या असायच्या, मोठ्या शहरांत चालून झाल्या की त्या तालुक्याच्या गावी यायच्या. त्यामुळे सिनेमाचं प्रदर्शन-वर्ष आणि तुमच्या गावात तो लागल्याचं वर्ष यांत फरक पडतो. वाचनालयात त्या काळच्या दैनिकांच्या फायली असतील तर सिनेमाच्या जाहिरातींचं पान बघा. कुठल्या टॉकीजला कितवा आठवडा, हे तिथे छापलेलं सापडतं.

प्रश्न : आमच्या शेजारच्या गावात तमाशातले एक जुने सोंगाड्या आहेत. वय पंच्याहत्तरच्या पुढे. त्यांना बोलतं कसं करायचं?
— एक शिक्षक, कागवाड

उत्तर : लवकर जा. फडांचा हंगाम साधारण विजयादशमी ते बुद्धपौर्णिमा. वयामुळे फिरणं थांबलं असलं तरी हंगामात जुनी माणसं भेटायला येतात, घरात गडबड असते. पावसाळ्यात निवांतपणा असतो, पण पत्र्याचं छप्पर असेल तर पावसात रेकॉर्डिंग होणार नाही. शाळेची किंवा देवळाची स्लॅबची खोली आधीच बघून ठेवा. बसताना कुठल्या कानाने नीट ऐकू येतं ते विचारून त्या बाजूला बसा.

सरळ ‘तुमचं आयुष्य सांगा’ म्हटलं की गाडी गरिबीवर आणि सरकारी मानधनावर जाते. ते महत्त्वाचं आहेच, त्याला वेगळा वेळ ठेवा. कलेबद्दल विचारताना खेळाच्या क्रमाने जा : गण, गवळण, बतावणी, वग. गवळणीत मावशी कोण व्हायचं? बतावणीत सवाल कोण टाकायचं, त्यातलं ठरलेलं किती आणि गाव बघून जोडलेलं किती? गावच्या पाटलाचं नाव कधी घ्यायचं आणि कधी टाळायचं? वगात सोंगाड्याने कधी घुसायचं हे ढोलकीवाल्याच्या कुठल्या खुणेवरून कळायचं? जमलं तर जुना ढोलकीवाला त्याच दिवशी बोलवा. नुसता ठेका पडला तरी विसरलेल्या ओळी आपोआप ओठांवर येतात. एका बैठकीला एक तास पुरे, वाटल्यास दुसऱ्या दिवशी परत जा. आणि पाकीट द्या. रक्कम आधी घरच्यांशी बोलून ठरवा. शाल-नारळावर भागवू नका. ही त्यांच्या विद्येची आणि वेळेची किंमत आहे.

प्रश्न : महाराष्ट्रातून आलेल्या विनोदी कलावंताला सीमाप्रश्नावर विचारावं का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : त्यांनी स्वतः त्यावर जाहीरपणे काही म्हटलं असेल तर विचारा, आणि तो विषय निरोपात आधी कळवा. नसेल तर अचानक विचारू नका. एक वाक्य संदर्भ तोडून पसरलं की त्याचा त्रास पुढच्या गावचा प्रयोग घेणाऱ्या संयोजकाला होतो. त्यापेक्षा बेळगावचा प्रेक्षक कुठल्या जागेला हसतो आणि कुठल्या जागेला पुणेकर हसतात पण इथे शांतता असते, हे विचारा. आपल्याबद्दलची ती माहिती दुसरीकडे मिळणार नाही.

प्रश्न : छापण्याआधी मजकूर त्यांना दाखवावा का? आणि भेट म्हणून कुंदा नेला तर चालेल?
— एक वाचिका, वडगाव

उत्तर : तासाभराचं बोलणं हाताने उतरवायला चार ते सहा तास लागतात, तेवढा वेळ धरूनच अंकाची तारीख ठरवा. मजकूर दाखवायचा की नाही हे मुलाखतीआधीच बोलून घ्या. दाखवणार असाल तर नावं, वर्षं, नाटकांचे क्रम यांतल्या चुका दुरुस्त करण्यासाठी पाठवा, आणि किती दिवसांत उत्तर हवं ते लिहा. बोलीतलं बोलणं प्रमाण मराठीत ‘सुधारून’ पाठवू नका, त्यांची चाल जशी आहे तशी राहू द्या. नाटकातला उतारा छापायचा असेल तर नटाची परवानगी पुरत नाही. लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं असतो, म्हणून लेखकाला किंवा त्याच्या वारसांना विचारा.

कुंदा अवश्य न्या, पण तो दुधाचा. दौऱ्याच्या बसमध्ये दिवसभर तापला तर आंबतो. कंपनी त्याच रात्री पुढे जाणार असेल तर गोकाकचं करदंट, म्हणजे डिंक-सुकामेव्याची मिठाई बरी, ती टिकते. काहीही नेलं तरी आधी व्यवस्थापकाला पथ्याचं विचारा, आणि पाव किलो पडद्यामागच्या माणसांसाठी वेगळं बांधून घ्या.